अलास्काच्या सावलीत बगदाद

लष्करी अभियंत्यांना विनोदाचं वावडं असतं, असं म्हणणाऱ्यांनी बगदादमधल्या भिंतींची नावं वाचावीत. अमेरिकी सैन्याच्या काँक्रीटच्या अडथळ्यांना उंचीनुसार अमेरिकी राज्यांची नावं होती: सर्वांत ठेंगणा जर्सी, मग कोलोराडो, टेक्सास आणि १२ फूट उंच, सुमारे ७ टन वजनाचा अलास्का. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या शहराच्या वाट्याला अलास्का आला. गारवा तेवढा ग्रीन झोनमधल्या, म्हणजे अमेरिकी मुख्यालयाच्या तटबंद भागातल्या, वातानुकूलित कचेऱ्यांच्या वाट्याला.

तळ राखायचा तर तळाला कुंपण घाला, हा सरळ हिशेब. दाट वस्तीत तो चुकतो. कुंपण बाँबने भरलेली गाडी अडवतं, पण डोक्यावरून जाणारं रॉकेट त्याला जुमानत नाही. २००८च्या मार्च-एप्रिलमध्ये बगदादमधल्याच सद्र सिटी या वस्तीच्या दक्षिण भागातून ग्रीन झोनवर रॉकेटं येऊ लागली. ग्रीन झोन काही हलणार नव्हता. म्हणून रॉकेटवाल्यांना पल्ल्याबाहेर रेटण्यासाठी सुमारे २० लाखांच्या वस्तीतच भिंत उभी राहिली. अल-कुद्स रस्त्यावर जवळपास ५ किलोमीटर, सुमारे ३००० तुकडे. क्रेन एकेक तुकडा ठेवी आणि गोळीबारात शिडी चढून जवान साखळी सोडवी. त्याच्या धैर्याला नमस्कार. प्रश्न शिडी कुठे लावायची हे ठरवणाऱ्यांचा आहे.

भिंतींनी जीव वाचवले, असा आक्षेप येईल. खरं आहे, बाजारांभोवतीच्या भिंतींनी बाँबगाड्यांना आवर घातला. पण बाजाराची भिंत बाजारासाठी होती. अल-कुद्सची भिंत रहिवाशांच्या दारात, मुक्कामी परक्यांसाठी. दुसरा आक्षेप, हे सारं तात्पुरतं होतं. एप्रिल २००७मध्ये बगदादच्या आधमिया वस्तीभोवतीची भिंत थांबवा, असं खुद्द इराकचे पंतप्रधान मलिकी म्हणाले, तरी ती पुरी झालीच. ग्रीन झोनचे रस्ते सर्वांना चोवीस तास खुले व्हायला जून २०१९ उजाडला. अमेरिकी सैन्य आल्यापासूनच्या या सोळा वर्षांच्या तात्पुरतेपणात मूल शाळा संपवतं.

अभियंत्यांच्या यादीत मात्र एक नाव राहून गेलं. ग्रीन झोन आणि रॉकेट यांच्यामधला सर्वांत रुंद अडथळा काँक्रीटचा नव्हता. तो घरांचा, दुकानांचा, माणसांचा होता. त्याचं बारसं करायची गरजच पडली नाही. बगदाद हे नाव त्याला आधीपासूनच होतं.