फ्युचर नाना

यवतच्या एका चहाच्या टपरीवर हिवाळ्यात सकाळी साडेआठला एक मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला जातो. काच कोपऱ्यातून तडकलेली, वर दुधाचा एक वाळलेला थेंब. समोर पुणे-सोलापूर महामार्ग धडधडत असतो, म्हणून आवाज पूर्ण सोडलेला. पडद्यावर अमेरिकेतलं सॅक्रामेंटो शहर. तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि बास्केटबॉलचा सामना सुरू होत असतो. साडेनऊपर्यंत नानांचा संघ बावीस गुणांनी मागे पडतो.

"नाना, हरतोय की तुमचा संघ."

"हरू दे. हरायलाच पाहिजे," म्हणत नाना दुसरा चहा सांगतात.

हे फ्युचर नाना. नाव गावानेच ठेवलेलं. खरं तर ही एक व्यक्ती नसून नमुना आहे. वरवंडला, केडगावला, पाटसला, कुठेही उतरा, एक तरी फ्युचर नाना सापडेल. कुठे तो आयपीएलचा असतो, कुठे शेअर बाजाराचा, कुठे नुसता राजकारणाचा. लक्षण एकच. यंदाचं त्याला काही पडलेलं नसतं. ग्रामपंचायतीला पडल्यावर तो सांगतो, "ही टर्म आपल्याला नकोच होती, पाच वर्षांनी बघा." पाच वर्षांनी लोक बघतात, तेव्हा तो त्याच्या पुढच्या पाच वर्षांबद्दल बोलत असतो.

यवतच्या नानांना बास्केटबॉलचा नाद लागला तो आडनावामुळे. ऑक्टोबर २०१९मध्ये एनबीए ही अमेरिकेतली लीग पहिल्यांदाच भारतात खेळायला आली. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ४ आणि ५ तारखेला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे हंगामापूर्वीचे दोन सामने झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे. जुहूला वाढलेले, एमआयटीत शिकलेले, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढलेले, आणि २०१३ साली हा संघ विकत घेणाऱ्या गटाचे म्होरके. पेपरात 'रणदिवे' वाचलं आणि नानांनी संघ तिथल्या तिथे दत्तक घेतला. आपल्या माणसाचा संघ पहिला सामना जादा वेळेत एका गुणाने हरला आणि दुसराही हरला. हा संघ तोवर २००६पासून एकदाही प्लेऑफला पोचला नव्हता, हे नानांना नंतर कळलं. दुसऱ्या कुणी संघ बदलला असता. नानांच्या डोळ्यांत चमक आली.

त्या चमकेचं कारण म्हणजे ड्राफ्ट. एनबीएत दर उन्हाळ्यात नव्या पोरांची वाटणी होते. संघ आळीपाळीने एकेका खेळाडूचं नाव घेतात, आणि आधी नाव घेण्याचा मान हरलेल्यांना मिळतो. हेतू चांगला आहे, दुबळ्याने कायम दुबळं राहू नये. पण शेवटून पहिलं येण्याला बक्षीस आहे म्हटल्यावर हुशार मंडळी शेवटून पहिली यायला लागली. तिकडे याला टँकिंग म्हणतात. १९८४ साली ह्यूस्टनवर तसा संशय घेतला गेला आणि १९८५पासून लीगने सोडत आणली. एक ते चौदा आकड्यांचे चौदा चेंडू यंत्रात फिरतात, त्यातले चार बाहेर पडतात. त्या चारांचे १००१ संच होतात, एक बाद करून बाकीचे हजार संघांत वाटलेले असतात. २०१९पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी १४० संच मिळतात. हे सगळं नानांना तोंडपाठ आहे. घरच्या म्हशीच्या दुधाला डेअरीत किती फॅट लागते, हे मात्र बायकोला विचारावं लागतं.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामाला येते. त्या दिवशी घराघरातून भाकऱ्या गोळा होतात, मोठाल्या कढयांत पिठलं शिजतं, आणि काळभैरवनाथाच्या देवळापाशी पंगती उठतात. एका वर्षी कुणीतरी नानांच्या हातात वाढायचं ओगराळं दिलं. नानांनी पहिल्याच वारकऱ्याला ड्राफ्ट समजावून सांगायला घेतला.

"म्हंजे जो हरंल त्याला इनाम?" वारकऱ्याने विचारलं.

"अगदी बरोबर, माऊली."

"मग समदेच हरतील की."

"समदे हरू नयेत म्हणून तर सोडत!"

"आन् सोडतीत नाव नाय निघालं तर?"

ओगराळं हवेतच थांबलेलं. मागच्या पंगतीत गलका झाला, कुणीतरी नानांना बाजूला केलं, आणि प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर लीगने पुढे सलग तीन वर्षं दिलं. २०२२-२३मध्ये डिट्रॉइट पिस्टन्स १७ सामने जिंकून आणि ६५ हरून सगळ्यात तळाला गेले. सोडतीत त्यांना पाचवा नंबर मिळाला. पुढच्या हंगामात डिट्रॉइटने ओळीने २८ सामने हरून विक्रम केला, फक्त १४ जिंकले, पुन्हा तळ गाठला आणि पुन्हा पाचवा नंबर घेतला. २०२५ला तळाला युटा जॅझ होते. पाचवाच. नियमाप्रमाणे सगळ्यात वाईट संघाला याहून खाली ढकलता येत नाही, नाहीतर सहावाही दिला असता. त्या वर्षी पहिला नंबर डॅलस मॅव्हरिक्सला लागला, ज्यांची शक्यता होती १.८ टक्के. तीन महिन्यांपूर्वीच या डॅलसने आपला हिरा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसला देऊन टाकला होता आणि सगळं शहर त्यांना शिव्या घालत होतं.

"नशीब," नाना म्हणाले. "हिशोब चुकलेला नाही."

हिशोबाच्या बाबतीत नानांचं दैवत फिलाडेल्फिया. २०१३ला सॅम हिंकी नावाचा गृहस्थ तिथे सूत्रधार झाला. त्याने चांगले खेळाडू देऊन टाकले, त्या बदल्यात पुढच्या वर्षांचे नंबर गोळा केले आणि निवांतपणे हरायला बसला. तीन हंगामांत ४७ विजय, १९९ पराभव. प्रेक्षक 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' अशा घोषणा देत होते. एप्रिल २०१६मध्ये हिंकीने तेरा पानी राजीनामा दिला. त्याच्या हरण्यातून जोएल एम्बीड मिळाला, जो पुढे २०२३चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे प्रक्रिया फुकट गेली असं म्हणता येत नाही. पण २०१८ ते २०२४ ही सात वर्षं फिलाडेल्फिया दर हंगामात प्लेऑफला पोचला आणि एकदाही दुसरी फेरी ओलांडू शकला नाही. तेरा पानं लिहायला लागतात तिथेच काहीतरी बिनसलेलं असतं, असं टपरीवरच्या आबांचं मत आहे.

आबा नानांहून वीस वर्षांनी मोठे. त्यांना बास्केटबॉल कळत नाही, ऊस कळतो. नानांनी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. "आबा, हे अडसालीसारखं आहे. आषाढात लावण केली की पुढल्या आषाढात कुणी विचारतं का ऊस कुठाय? दीड वर्ष थांबावंच लागतं."

आबांनी बशीतला चहा संपवला. "थांबावं लागतं खरं. पण त्या दीड वर्षात पाणी तोडत नाहीत, नाना."

नानांच्या स्वतःच्या उसालाही हे लागू आहे. थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची येते. नाना मोटार चालू करून बांधावर बसतात, आणि पहाटे साडेपाचला अमेरिकेच्या पूर्वेकडचे सामने सुरू झाले की सरीकडे बघायचं राहून जातं. एकदा पाणी फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. नानी बोलल्या ते अख्ख्या आळीने ऐकलं. "अहो, ते हरले तर त्यांना पुढच्या साली पोरगं मिळतंय. आपला ऊस हरला तर कारखाना काय देणार हाय?"

आता रणदिव्यांच्या संघाकडे वळू, कारण नानांच्या सिद्धांताची खरी गोची तिथे आहे. किंग्ज हरण्यात कुणाला हार गेले नाहीत. ओळीने सोळा हंगाम प्लेऑफविना, हा लीगचा विक्रम. नंबरही भरपूर मिळाले. २०१३ला त्यांनी सातव्या नंबरावर बेन मॅकलेमोर घेतला; त्याच वर्षी यानिस अँटेटोकुन्म्पो पंधराव्या नंबराला मिलवॉकीने उचलला. २०१४ला आठव्यावर निक स्टॉस्कस घेतला. त्या वर्षी एकेचाळिसाव्या नंबराला डेन्व्हरने निकोला योकिच नावाचा एक लठ्ठ सर्बियन मुलगा घेतला. ते नाव पुकारलं जात असताना टीव्हीवर जाहिरात चालू होती. हा लठ्ठ मुलगा पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. २०१५ला किंग्जनी सहाव्यावर विली कॉली-स्टाईन निवडला, तर डेव्हिन बुकर तेराव्यावर फिनिक्सला मिळाला.

आणि २०१८. त्या वर्षी किंग्ज तळातून सातवे होते, पण चेंडू असे पडले की थेट दुसरा नंबर हातात आला. नशीब दारात येऊन उभं राहिलं. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. लगेच पुढच्या, तिसऱ्या नंबरावर जो गेला तो लुका डॉन्चिच. टपरीवर २०१८ हा आकडा कुणी काढला तरी नाना पुडीतली तंबाखू मळायला घेतात आणि बराच वेळ मळतच राहतात.

गंमत म्हणजे किंग्ज वर आले ते वेगळ्याच वाटेने. २०२०ला बाराव्या नंबरावर, म्हणजे सोडतीच्या जवळजवळ टोकाला, त्यांना टायरीस हॅलिबर्टन मिळाला. २०२२ला त्याला इंडियानाला देऊन त्यांनी डोमांटस सबोनिस आणला, माइक ब्राऊन हा नवा प्रशिक्षक नेमला, आणि २०२२-२३मध्ये ४८ सामने जिंकले. जिंकल्यावर स्टेडियमच्या छपरावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडायची प्रथा त्याच हंगामात सुरू झाली. पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात स्टेफन करीने ५० गुण मारून त्यांना घरी बसवलं, तो भाग निराळा. पण त्या सहा-सात महिन्यांत यवतला नाना सर्वांत अस्वस्थ होते. संघ जिंकला की म्हणायचे, "आता पुढल्या ड्राफ्टचं वाटोळं झालं."

नुसतं टपरीवर बोलत होते तोवर ठीक होतं. मग गावच्या कबड्डीच्या पोरांनी एका स्पर्धेला नानांना व्यवस्थापक म्हणून नेलं. साखळीतले दोन सामने पोरांनी मारले होते. तिसरा हरला तर बाद फेरीत सोपा संघ समोर येणार होता, जिंकला तर तगडा. नानांनी रात्रीच गणित मांडून हुकूम सोडला, हरा.

पोरांना ऑलिम्पिकचा इतिहास माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण हेच गणित लंडनमध्ये मांडलं गेलं होतं. ३१ जुलै २०१२ला महिला दुहेरी बॅडमिंटनमध्ये चीन, दक्षिण कोरिया आणि इंडोनेशियाच्या चार जोड्या बाद फेरीतल्या सोप्या लढतीसाठी मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात मारू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दुसऱ्या दिवशी आठही खेळाडू स्पर्धेतून हाकलल्या गेल्या. त्यांतली इंडोनेशियाची ग्रेसिया पोली नऊ वर्षांनी टोकियोत सुवर्णपदक जिंकली. सगळे सामने जिंकून.

यवतच्या पोरांनी नानांचं ऐकून घेतलं, मानेने हो म्हटलं आणि सकाळी सामना जिंकला. बाद फेरीत तगड्या संघाने त्यांना धुतलं. परतताना टेंपोत नाना म्हणाले, "सांगत होतो." चढाईपटू पोरगं म्हणालं, "नाना, समोर माणूस आल्यावर हात आपसूक जातो हो. हरायचं शिकवलंच नाही कुणी."

नानांचा आणखी एक घरचा संघ आहे, पुणेरी पलटण. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात, २०१४ला, पलटण सगळ्यात शेवटी. २०१५ला पुन्हा शेवटी. नाना एनबीएच्या हिशोबाने खूश व्हायला हवे होते, पण प्रो कबड्डीत लिलाव असतो, प्रत्येक संघाच्या हातात सारखेच पैसे, शेवटच्याला काहीही जास्त मिळत नाही. नुसतं हरणं. पलटणने हळूहळू तरुण पोरं घडवली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी कोवळी नावं वाढवली, आणि त्यांच्या जोडीला इराणचा मोहम्मदरेझा शादलू २ कोटी ३५ लाखांना आणला. दहाव्या हंगामात साखळीतल्या २२ सामन्यांत फक्त दोन पराभव. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ने हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्या रात्री यवतला फटाके वाजले, आणि ते वाजवणाऱ्यांत नाना होते. दुसऱ्या दिवशी कुणी हटकलं तर म्हणाले, "ही नऊ वर्षांपूर्वीच्या हरण्याची फळं."

नानांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सॅन अँटोनियो १९९६-९७ला ६२ सामने हरले, टिम डंकन मिळाला आणि पुढे पाच विजेतेपदं आली. २०२३ला पुन्हा तळाजवळ होते, व्हिक्टर वेम्बान्यामा मिळाला. पण १९९६-९७च्या संघाचा डेव्हिड रॉबिन्सन जवळजवळ हंगामभर जखमी होता, आणि तो पुढच्या वर्षी परत आला. डंकनला शिकवायला घरात कुणीतरी मोठं होतं. डंकनच्या त्या सोडतीत सर्वांत जास्त शक्यता बोस्टनची होती. ६७ सामने हरलेल्या बोस्टनला डंकन मिळाला नाही.

तेव्हा नव्याने संघ बांधणाऱ्याने मुद्दाम हरत राहावं का, या प्रश्नाचा निकाल यवतपुरता असा आहे. कोवळ्या पोरांना खेळवून हरलात तर चालेल. चांगला खेळाडू बाकावर बसवून हरलात तर तिकीट काढलेल्यांचे पैसे परत करा. एप्रिल २०२३मध्ये डॅलसने तसंच केलं, तेव्हा लीगने त्यांना साडेसात लाख डॉलर दंड केला. तो कमीच होता. आणि सोडत ठेवायचीच असेल तर प्लेऑफला न पोचलेल्या सगळ्यांची चिठ्ठी सारखीच असावी. १९८५ ते १९८९ ती तशीच होती. लीगने ती पद्धत परत आणावी.