यंदा तरी हनुवटी जाणार का?

ॲपलचा आयमॅक विकत घेणाऱ्यांची एक जमात आहे आणि पुढचा आयमॅक विकत घेणाऱ्यांची दुसरी. पहिली दुकानात जाते, पैसे मोजते, खोका घरी आणते आणि कामाला लागते. तिच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी जमात अभ्यासू. चालू मॉडेलचा एकेक दोष तिला तोंडपाठ असतो, कारण त्या दोषांच्या भरवशावरच तिची खरेदी वर्षानुवर्षं लांबणीवर पडत आलेली असते. या दोषांचा मुकुटमणी म्हणजे स्क्रीनखालची ती आडवी पट्टी. जगभरचे प्रतीक्षार्थी तिला हनुवटी म्हणतात आणि दर वर्षी एकच प्रश्न विचारतात: यंदा तरी ती जाणार का?

आजची हनुवटी अवतरली 31 ऑगस्ट 2004 रोजी, पॅरिसच्या ॲपल एक्स्पोमध्ये. आयमॅक जी-5 नावाच्या त्या यंत्रात सगळा कॉम्प्युटर स्क्रीनच्या मागे बसवला होता आणि जो भाग मागे मावला नाही त्याच्यासाठी खाली पांढरं प्लॅस्टिक उतरलं होतं. नंतर प्लॅस्टिकचं ॲल्युमिनियम झालं, जाडी घटली, प्रोसेसर दोनदा घराणं बदलून आला, पांढऱ्याचे सात रंग झाले. हनुवटी जागची हलली नाही.

त्या 2004 च्या मध्यावर तर प्रतीक्षार्थींची चंगळ होती. जुलैमध्ये कंपनीनं जुन्या आयमॅकच्या ऑर्डरी घेणंच थांबवलं. नवा यायला सप्टेंबर उजाडणार होता. नियोजनात गडबड झाली, हे कंपनीनं जाहीरपणे मान्य केलं. ‘थांबा, आत्ता घेऊ नका’ असा सल्ला देणारे त्या काही आठवड्यांत शंभर टक्के बरोबर ठरले, कारण घ्यायला काही नव्हतंच.

या सगळ्याची सुरुवात झाली ती त्याच्याही आधी. 6 मे 1998 रोजी क्युपर्टिनोच्या फ्लिंट सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयमॅक दाखवला. निळसर, आरपार दिसणारा, किंमत 1,299 डॉलर. वजन अठराएक किलो आणि तरी माथ्यावर उचलायला मूठ. त्याचे डिझाइनर जॉनी आइव्ह यांचं म्हणणं, मूठ असली की माणसाला यंत्राची भीती वाटत नाही, हात लावावासा वाटतो. हात लावणं ठीक. उचलून नेणाऱ्याच्या कमरेचं काय झालं याची नोंद नाही. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र त्यात नव्हती. सारं जग फ्लॉपी खिशात घेऊन फिरत असताना कंपनीनं ती काढून टाकली आणि मग बाजारात बाहेरून जोडायच्या ड्राइव्ह आल्या, त्याही निळ्या. पुढच्या पाव शतकाची रीत तिथेच पडली: आतली एक वस्तू काढायची, ती बाहेर लोंबू लागली की ग्राहकानं तिचे वेगळे पैसे द्यायचे, आणि देताना प्रगती झाल्याचा आनंद मानायचा.

त्याच कार्यक्रमात जॉब्ज यांनी फुशारकी मारली होती की, आमच्या यंत्राची पाठ इतरांच्या यंत्रांच्या तोंडापेक्षा देखणी आहे. हे बोलणं कंपनीनं फारच मनावर घेतलं. 2021 च्या आयमॅकमध्ये गडद, ठसठशीत रंग पाठीला दिला आणि पुढच्या बाजूला त्याच रंगाची फिकट छटा. कॅलिफोर्नियातल्या प्रशस्त स्टुडिओत, खोलीच्या मधोमध टेबल असेल तर हे शोभतं. मुंबईतल्या वन-बीएचकेत टेबल भिंतीला टेकलेलं असतं. तिथे लाखाच्या वर रुपये मोजणाऱ्याच्या वाट्याला फिकट रंग येतो आणि गडद नारिंगी छटा भिंत बघत बसते.

जाडीचंही तसंच. ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीनं कडेला जेमतेम 5 मिलिमीटर जाडीचा आयमॅक दाखवला. फोटो सगळे बाजूने काढलेले. मधोमध त्याच्या पाठीला चांगलं पोट सुटलं होतं, पण पोट चुकवून फोटो कसा काढायचा हे लग्नाच्या फोटोग्राफरइतकंच कंपनीलाही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, आयमॅककडे कडेने बघत काम करतो कोण? समोर बसलेल्याला 2011 चा आणि 2012 चा आयमॅक सारखाच दिसत होता. बाकी फरक होते: सीडी ड्राइव्ह गेली होती, छोट्या मॉडेलची रॅम घालायची खिडकी गेली होती, आणि पूर्वी लोहचुंबकानं धरलेली काच आता गोंदाच्या पट्ट्यांनी चिकटवली होती. आधी दोन सक्शन कप लावले की काच अलगद हातात येई. आता दुरुस्तीवाला प्लॅस्टिकची पातळ चकती फटीत घालून कडेकडेनं गोंद कापत जातो आणि जोडताना नव्या पट्ट्या लावतो. सडपातळपणा टिकवायला इतकं तर करावंच लागतं.

बरं, ते मॉडेलही वेळेवर मिळालं नाही. दिवाळी, नाताळ उलटत आला तरी मोठा आयमॅक हाती पडेना. हे मॉडेल नवं वर्ष उजाडल्यावरच जाहीर केलं असतं तर बरं झालं असतं, असं कंपनीप्रमुख टिम कुक यांनी पुढच्या वर्षी गुंतवणूकदारांना सांगितलं.

आता भाकितं सांगणाऱ्यांकडे वळू. यांचा व्यवसाय जुना आणि कधीकधी धोक्याचाही. 1998 मध्ये तेरा वर्षांच्या निकोलस चारेली या मुलानं ‘थिंक सीक्रेट’ नावानं ॲपलच्या अफवा छापायला सुरुवात केली. डिसेंबर 2004 च्या शेवटी त्यानं लिहिलं की, पाचशे डॉलरांच्या आतला, स्क्रीन नसलेला, म्हणजे मुंडकं उडवलेला आयमॅक येतोय. जानेवारीत कंपनीनं त्याच्यावर खटला भरला आणि आठवडाभरात 499 डॉलरांचा मॅक मिनी जाहीर केला. भाकीत खरं ठरल्याची इतकी अधिकृत पावती क्वचितच कुणाला मिळते. 2007 च्या डिसेंबरात तडजोड झाली आणि ‘थिंक सीक्रेट’ बंद पडलं. तेव्हापासून भाकीतवाले शहाणे झाले. ते आता ‘विचार चालू आहे’, ‘चाचणी घेतली जात आहे’, ‘लवकरात लवकर पुढल्या वर्षी’ अशा भाषेत लिहितात, जी कुठल्याच न्यायालयात आणि कुठल्याच वर्षी खोटी ठरत नाही.

अफवेची हौस कंपनीलाही होतीच. जानेवारी 2002 मध्ये तिनं स्वतःच्याच संकेतस्थळावर डरकाळी फोडली की, येणारं यंत्र अफवा छापणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडचं आहे. मग ‘टाइम’ साप्ताहिकाच्या कॅनडातल्या संकेतस्थळानं आदल्याच रात्री लेख फोडला आणि पांढऱ्या घुमटावर चकचकीत दांडा, दांड्यावर सपाट स्क्रीन असलेला आयमॅक जगानं जॉब्ज यांच्या आधी पाहिला. त्याची कल्पना जॉब्ज यांच्या बागेतल्या सूर्यफुलांमधून निघाली, असं सांगतात. बोटानं ढकललं की स्क्रीन वर-खाली, डावी-उजवीकडे हवी तिथे थांबायची.

ही सोय दोन-अडीच वर्षं टिकली. त्यानंतरचा कुठलाही आयमॅक स्वतःहून वर-खाली झालेला नाही. तो फक्त मान पुढे-मागे कलवतो. त्यामुळे सव्वा लाखाचं यंत्र जाडजूड शब्दकोशावर उभं केलेलं दिसतं आणि घरात शब्दकोश का ठेवावा, या प्रश्नाला नव्या पिढीकडे निदान एक उत्तर असतं.

मग आला एप्रिल 2021. ॲपलची स्वतःची एम-1 चिप, 24 इंचांची स्क्रीन, सात रंग, जाडी सरसकट 11.5 मिलिमीटर. पोट गेलं! प्रतीक्षार्थींनी घाईघाईनं खाली बघितलं. हनुवटी होती. आणि या वेळी ती नुसती नव्हती; अख्खा कॉम्प्युटर, म्हणजे मुख्य बोर्ड, पंखे, सगळं तिच्यातच होतं. वर स्क्रीनच्या मागचा भाग जवळजवळ रिकामा. हनुवटी काढा म्हणणाऱ्यांना कंपनीनं दिलेलं हे उत्तर होतं: हनुवटी काढली तर उरतो टीव्ही.

सडपातळपणाची बाकी किंमतही पाहण्यासारखी. हेडफोनची पिन साधारण 14 मिलिमीटरची आणि यंत्र 11.5 मिलिमीटरचं, तेव्हा भोक पाठीला पाडलं असतं तर पिन समोर स्क्रीनमधून डोकावली असती. म्हणून ते कडेला गेलं. इंटरनेटच्या केबलला जागा उरली नाही, तर तिचं भोक टेबलाखाली लोळणाऱ्या विजेच्या ठोकळ्यात गेलं. ठोकळा जाडच आहे. त्याचा फोटो बाजूनेही कुणी काढत नाही.

प्रतीक्षार्थींनी मात्र धीर सोडला नाही. 24 इंची तर झाला, आता 27 इंची येणार आणि तोच खरा, बिनहनुवटीचा! मार्च 2022 मध्ये त्यांची इच्छा अक्षरशः पूर्ण झाली. 27 इंच, 5-के, चारी बाजूंनी सारखी कड, हनुवटीचा मागमूस नाही. फक्त त्यात कॉम्प्युटर नव्हता. त्याचं नाव स्टुडिओ डिस्प्ले, किंमत 1,599 डॉलर. मान वर-खाली व्हायला हवी असेल तर आणखी 400 डॉलर. आणि कॉम्प्युटर हवाच असेल तर शेजारी मॅक स्टुडिओ, 1,999 डॉलरांपासून पुढे. त्याच दिवशी कॉम्प्युटरसकटचा 27 इंची आयमॅक यादीतून निघाला. तो 1,799 डॉलरांपासून मिळत असे.

यातून शहाणा माणूस काही समजला असता. नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीनं ‘द व्हर्ज’ या संकेतस्थळाला स्पष्टच सांगितलं की, 27 इंची आयमॅक नव्या चिपवर आणायचा बेत नाही. प्रतीक्षार्थींनी ते निवेदन बारकाईनं वाचलं आणि जल्लोष केला. 27 नाही म्हणाले, 32 नाही असं कुठे म्हणाले?

ऑक्टोबर 2024 च्या एम-4 आयमॅकमध्येही बदल झाले. रॅम किमान 16 जीबी झाली, कॅमेरा सुधारला, कीबोर्ड आणि माऊसला यूएसबी-सी मिळालं. 2015 पासून या माऊसचं चार्जिंगचं भोक त्याच्या पोटाला आहे. चार्ज करायचा तर उताण्या पडलेल्या झुरळासारखा तो टेबलावर पाडून ठेवावा लागतो आणि तेवढा वेळ काम बंद. नऊ वर्षांच्या तक्रारींनंतर कंपनीनं भोक बदललं. म्हणजे आकार बदलला. जागा तीच, पोट.

एप्रिल 2023 मध्ये मुंबईत बीकेसीचं ॲपल दुकान उघडलं तेव्हा एक चाहता जुना मॅकिंटॉश एसई काखोटीला मारून आला होता आणि ते यंत्र बघून टिम कुक हरखून गेले, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. एसई 1987 चा. कॉम्प्युटर आणि स्क्रीन एकाच डब्यात. त्याच्या स्क्रीनखाली फ्लॉपीच्या फटीसह ऐसपैस हनुवटी आहे. म्हणजे हे घराण्याचं लक्षण आहे, 2004 नं फक्त ते पुन्हा वर काढलं. पण ही गोष्ट सांगितली तर प्रतीक्षार्थी ऐकून घेणार नाहीत.

तेव्हा पुढच्या रीडिझाइनचं आमच्या सदराचं भाकीत पुढीलप्रमाणे. जाडी कमी होईल. ती कुणी मागितलेली नाही, म्हणून खात्री जास्त. एक भोक जाईल; हेडफोनचं असण्याचा संभव मोठा, कारण आयफोननं 2016 मध्ये तो मार्ग दाखवला आहे. गेलेलं भोक ठोकळ्यात सापडेल आणि ठोकळा आणखी जाड होईल. रंगांची नावं तीच, छटा नव्या. पाठ गडद, पुढा फिकट. हनुवटी अर्ध्या सेंटिमीटरनं आखूड होईल आणि त्या अर्ध्या सेंटिमीटरवर मंचावरून दोन मिनिटं बोललं जाईल.

पुण्यातले एक डिझाइनर गृहस्थ या रीडिझाइनसाठी केव्हाचे थांबले आहेत. त्यांच्याकडचा 27 इंची आयमॅक 2020 चा, इंटेलवाल्यांतला शेवटचा. इंटेलच्या मॅकना मिळणारी शेवटची मोठी प्रणाली मॅकओएस टाहो हीच, असं कंपनीनं 2025 मध्ये सांगून टाकलं आहे. कॉम्प्युटर म्हातारा झाला तरी स्क्रीन ठणठणीत आहे, पण ती दुसऱ्या यंत्राला जोडायची सोय 5-के आयमॅकमध्ये कधीच नव्हती. 2009 च्या मॉडेलमध्ये ती होती, म्हणून ती गेली. हौशी मंडळी आतला कॉम्प्युटर काढून निराळा बोर्ड बसवतात आणि स्क्रीन तेवढी वापरतात. गृहस्थांना ते पाप वाटतं. सप्टेंबर 2025 मध्ये कोरेगाव पार्कात ॲपलचं दुकान निघालं, तेव्हापासून ते अधूनमधून जाऊन एम-4 आयमॅकच्या हनुवटीवरून बोट फिरवून परत येतात.

मुलानं शेवटी मॅक मिनी आणला, तोच तो मुंडकं नसलेला, आणि घरातल्या एका साध्या मॉनिटरला जोडून दिला. काम झकास चालतं. रात्री जेवण आटोपलं की गृहस्थ त्याच्यासमोर बसतात आणि 32 इंची आयमॅकच्या ताज्या बातम्या शोधतात.