‘ळ’चं बटण

मराठी माणसाला एकोणतीसचा पाढा विचारा, तो निदान प्रयत्न करील. पण ‘ध’च्या आधी कोणतं अक्षर येतं एवढंच विचारा. तो आधी छताकडे बघतो, मग ओठ हलवत ‘क, ख, ग, घ’पासून निघतो, ‘ङ’ला अडखळतो, ‘ञ’ नाकातल्या नाकात उरकतो आणि धापा टाकत ‘द’वर पोचतो. मधूनच उडी मारता येत नाही. शिक्षण, पगार, वय, कशानेही फरक पडत नाही. आमच्या कमिटीत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, तेही ‘क’पासूनच निघाले. फक्त ते मनात म्हणत होते.

ही परीक्षा घ्यायची वेळ आली ती नालासोपारा पूर्वेतल्या आमच्या सोसायटीने गेटवर टॅब बसवायचं ठरवलं म्हणून. चार विंग, प्रत्येक विंगला सात मजले, आणि वॉचमनच्या टेबलावर रहिवाशांच्या नावांची एक वही. दर पावसाळ्यात ती वही फुगते, दर उन्हाळ्यात तिचं एखादं पान गळतं. गेल्या वर्षी ‘म’चं पान गेलं आणि म्हात्र्यांचं कुरिअर परत गेलं. मग टॅब आला. मी अंधेरीला एका कंपनीत स्क्रीनवरची बटणं, याद्या, सरकपट्ट्या असल्या गोष्टींचा प्रोग्राम लिहितो. सोसायटीत अशा माणसाला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणतात. लिफ्टचा आकडा चुकीचा दिसला तरी खालून हाक मलाच येते.

सेक्रेटरी म्हणाले, “मोबाइलमध्ये नावांच्या यादीला उजवीकडे ए-बी-सी-डीची उभी पट्टी असते ना, तशी करा. फक्त मराठीत.”

या ‘फक्त’वर माझे पाच महिन्यांचे रविवार गेले.

पट्टी चालते कशी, ते सोपं आहे. बोट पट्टीच्या वरच्या टोकापासून किती खाली टेकलं ते मोजायचं, पट्टीच्या उंचीने भागायचं, अक्षरांच्या संख्येने गुणायचं. कोणतं अक्षर दाबलं ते कळलं. त्या अक्षराचं पहिलं नाव यादीत कितवं आहे हे आधीच काढून ठेवलेलं असतं, यादी तिथे उडी मारते. बोटाखाली अक्षर झाकलं जातं, म्हणून शेजारी एक मोठा फुगा दाखवायचा. सातवीतल्या मुलाला जमेल एवढंच गणित.

पण इंग्रजीत अक्षरं 26. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाप्रमाणे मराठी वर्णमालेत वर्ण 52. (त्याच वर्षी जुलैत आमची वसई-विरार महानगरपालिका झाली. त्या वर्षी सरकारला सगळंच एकदा नीट लावून टाकावंसं वाटलं असावं.) बोटाने दाबायची जागा निदान 44 पॉइंट उंच असावी, असं ॲपलवाले सांगतात. 52 गुणिले 44 म्हणजे 2288. एवढ्या उंचीचा टॅब टेबलावर नव्हे, जिन्यात उभा करावा लागेल. खरं तर 26 अक्षरंसुद्धा या नियमात बसत नाहीत. सगळ्या जगाने तिथे डोळेझाक केली आहे, कारण पट्टीवर बोट ठेवून घसरत जाता येतं. मीही केली. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा टेकतो, तशी मी सगळी अक्षरं टेकवली. ‘ज्ञ’ अर्धा बाहेर होता, पण बसला होता.

आता क्रम. संगणकाला ‘क’ नंतर ‘ख’ येतो हे संस्कारांमुळे कळत नाही. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो आणि तो नंबर बघून रांग लावतो. हे नंबर युनिकोडने 1991 साली दिले, तेही आपल्याकडच्या इस्की नावाच्या 1988 च्या प्रमाणावरून. भारतातल्या सगळ्या लिप्यांना एकच साचा असावा असा त्यात उदात्त हेतू होता. परिणाम असा, की ‘ळ’ला नंबर मिळाला ‘ल’च्या शेजारचा. मराठी शाळेच्या तक्त्यात तो ‘ह’नंतर, म्हणजे वर्ग सुटता सुटता येतो. इथे तो आयत्या वेळी ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये घुसलेला. त्याच्या पाठोपाठ नुक्ता लावलेला एक ‘ऴ’ आहे, तमिळ-मल्याळम नावं नागरीत लिहिण्यासाठी. आमच्या बी विंगमध्ये केरळची दोन कुटुंबं आहेत. त्यांना दाखवला. त्यांनी तो प्रथमच पाहिला आणि ‘छान आहे’ म्हणाले.

नंबरांच्या भरवशावर राहू नये, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. युनिकोडवाल्यांनीच भाषेगणिक क्रमाचे वेगळे नियम करून ठेवले आहेत, मराठीचेही आहेत. ते लावले की ‘ळ’ मुकाट्याने ‘ह’च्या मागे जाऊन उभा राहतो. तेव्हा यंत्राचा प्रश्न सुटला. उरले ते माणसांचे.

यादी कशी करायची यावर एक संपूर्ण सभा झाली. आडनाव आधी की नाव आधी? मतदार यादीसारखं करा, एकजण. कुमार हे आडनाव की नाव, दुसरा. शेवटी ठरलं, दारावरच्या पाटीवर जे आहे ते जसंच्या तसं घ्या, म्हणजे भांडण नको. खजिनदारांच्या मुलीने चारही विंग फिरून सगळ्या पाट्या उतरवून आणल्या. अक्षर सुंदर होतं. मी यादी टॅबमध्ये घातली आणि ‘श’ दाबला. अर्धी सोसायटी ‘श’मध्ये होती. श्री. गावडे, श्री. गुप्ता, श्री. परब, श्री. यादव. ‘स’मध्ये सौ., ‘ड’मध्ये डॉ., आणि तळमजल्यावरची दुकानं ‘म’मध्ये, कारण मे. ‘क’मध्ये जास्त गंभीर प्रकार होता. फ्लॅट अजून ज्यांच्या नावावर आहेत पण जे आता नाहीत, अशा सगळ्यांच्या पाट्यांवर ‘कै.’ होतं. वॉचमनने सहज ‘क’ दाबला तर ओळीने कैलासवासी. त्यातल्या एकावर बोट पडलं आणि वर इंटरकॉम वाजला. सूनबाईंनी उचलला. वॉचमनने विचारलं, “कै. साहेब हैं क्या?” सूनबाई सासऱ्यांच्या बाबतीत मुळातच हळव्या. प्रकरण कमिटीपर्यंत आलं.

वकिलांचं आणखी वेगळं. आमच्याकडे तीन वकील आहेत आणि तिघांच्या पाटीवर ‘ॲड.’ आहे. डोळ्यांना तिन्ही ‘ॲ’ सारखेच दिसतात. यंत्राला दिसत नाहीत. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं 2008 साली. तोपर्यंत लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवत. काहीजण दोन्हींच्या मध्ये एक अदृश्य सांधा घालत, म्हणजे अर्धचंद्र सुटा दिसत नाही. खजिनदारांच्या मुलीने एक नाव फोनवर टाइप केलं, एक कॉलेजच्या संगणकावर, आणि एक वकीलसाहेबांनी स्वतःच पाठवलेल्या जुन्या फाइलमधून उचललं. नुसत्या नंबरांनी रांग लावली तेव्हा पहिले वकील ‘अहिरे’च्या मागे, दुसरे ‘आ’च्या तोंडाशी, आणि तिसरे थेट ‘ह’च्याही पलीकडे, जिथे वस्ती नाही अशा ठिकाणी. तिघे एकमेकांशी बोलत नाहीत ते वेगळ्या कारणाने, पण त्यांना हे अंतर पसंत पडलं.

उपाध्या काढल्या, आणि मग खरं नालासोपारा दिसलं. ते ‘प’मध्ये राहतं. पाटील, पवार, परब, पालव, पांचाळ, पांडे, पटेल, परेरा, पाल, प्रजापती. कोकणातून आलेले, इथलेच वाडवळ, वसईचे ख्रिस्ती, गुजराती, पूर्वांचलचे, सगळे एका अक्षराखाली. ‘प’वर बोट ठेवलं की दोन विंगा उघडतात. राष्ट्रीय एकात्मतेचं यापेक्षा चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही, पण पट्टी म्हणून ते निकामी आहे. ‘प’ दाबणाऱ्याला पुढे पाच वेळा सरकवावं लागतं. म्हणून ‘प’ला खाली ‘पा’, ‘पे’, ‘प्र’ अशा पोटखिडक्या दिल्या. ‘पा’ची खिडकी लगेच भरली.

ए विंगचे ज्ञानप्रकाशजी मूळचे बलियाचे. त्यांनी आपलं नाव ‘ग’मध्ये शोधलं, कारण ते ‘ग्यान’ म्हणतात. तिथे नाही म्हणून ‘ज’मध्ये पाहिलं, कारण हिंदी शब्दकोशात ‘ज्ञ’ ‘ज’मध्येच सापडतो. तिथेही नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, शेवटी बघा, सगळ्यांत शेवटी. ज्ञानप्रकाशजी म्हणाले, “आख़िर में क्यों? मैंने तो मेंटेनन्स टाइम पे दिया है.” त्यांची समजूत घालायला अर्धा तास लागला. आता त्यांचं नाव ‘ज’मध्येही आहे आणि ‘ज्ञ’मध्येही. तांत्रिकदृष्ट्या हे अशुद्ध आहे. सोसायटीच्या दृष्टीने हे उत्तम आहे.

मग रिकाम्या अक्षरांचा विषय निघाला. ङ, ञ, ण, ळ. यांच्यापासून सुरू होणारं नाव कुठल्याच विंगमध्ये नाही. मी सुचवलं, ज्या अक्षराखाली माणूस नाही ते पट्टीवर ठेवू नये. जागा वाचेल, ‘ज्ञ’ नीट बसेल. ङ, ञ, ण विनातक्रार गेले. त्यांच्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही. ‘ळ’वर मात्र सभा पेटली.

“‘ळ’ म्हणजे मराठीची ओळख,” चेअरमन म्हणाले.

“पण ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही,” मी.

“म्हणून काय हाकलायचं? अहो, ब्राह्मी लिपीतला अशोकाचा लेख आपल्या सोपाऱ्यात सापडला, आणि तुम्हाला एक ‘ळ’ बसवता येत नाही?”

यातला पहिला भाग खरा आहे. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी पश्चिमेला सोपारा गावात बुरूड राजाच्या कोटातला स्तूप खणला, त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये सापडला, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ब्राह्मीपासूनच पुढे नागरी आली. तेव्हा आमच्या चेअरमनांचा वर्णमालेवर गावकी हक्क पोचतो हे मान्य. मी एवढंच म्हटलं, की त्या दगडावर बोटाने सरकवायची सोय नव्हती. खजिनदारांनी विचारलं, “त्या आठव्या लेखात लिहिलंय तरी काय?” मी सांगितलं, आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, असं. खजिनदार उजळले. यंदाची सोसायटीची सहल त्यांना रद्द करायचीच होती. आधार म्हणून इतिवृत्तात लिहून घेतलं.

‘ळ’ बहुमताने राहिला. आता रिकामं अक्षर दाबलं तर काय करायचं? अशा पट्ट्यांचा सर्वमान्य रिवाज असा, की पुढच्या भरलेल्या अक्षरावर जायचं. ‘ळ’च्या पुढचं भरलेलं अक्षर ‘क्ष’. ‘क्ष’मध्ये एकच घर, सी विंगचे क्षीरसागर. शाळा सुटली की सगळी पोरं गेटवर येऊन ‘ळ’ दाबतात, कारण त्यांना सांगितलंय की हे बटण फक्त मराठीत आहे. दाबलं की क्षीरसागरांचं नाव येतं, नावावर बोट पडतं, आणि काकूंची दुपारची झोप जाते. काकूंनी लेखी तक्रार केली आहे. त्यात मराठीच्या अस्मितेचा उल्लेख नाही.

एवढं सगळं झाल्यावर पट्टी वापरतं कोण, तर जवळजवळ कोणीच नाही. डिलिव्हरीवाला ‘बी 304’ म्हणत येतो, त्याला नावाशी कर्तव्य नाही. गावाहून आलेला पाहुणा ‘पाटलांकडे जायचंय’ म्हणतो, आणि वॉचमन टॅबकडे न बघता विचारतो, “कौन से? गणपतीवाले, वकील के ऊपरवाले, या जिनकी स्कूटी लाल है?” वॉचमन जौनपूरचा, वर्णमालेशी त्याचा संबंध नाही, पण चार विंगांची अनुक्रमणिका त्याच्या डोक्यात आहे आणि ती कधीही अडकत नाही. पट्टीवर रोज दाबलं जातं असं एकच अक्षर आहे, ‘ट’. यादीत शेवटच्या क्षणी सोसायटीला लागणारे नंबर घातले होते, नळवाला, लिफ्टवाला, टँकरवाला. सूर्या धरणाचं पाणी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी ‘ट’वरची काच बोटांनी घासून गुळगुळीत होते. त्या एका अक्षरासाठी बावन्न अक्षरांची सोय करावी लागली, असं मुख्याध्यापकांनी वार्षिक सभेत सांगितलं. मी ते स्तुती म्हणून घेतलं.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. कुठल्याही फॉर्मवर नावाच्या रकान्यात नावच लिहा. ‘श्री.’ लिहू नका, तो मान आम्ही गृहीत धरतो. वडिलांची पाटी दारावर असेल तर असू द्या, पण सोसायटीच्या यादीत हयात माणसाचं नाव द्या. आणि वकील मंडळींनी ‘ॲ’ एकाच पद्धतीने टाइप करावा. कोणत्या, ते आपसांत ठरवावं. कोर्टात नको, तिथे फार वेळ लागतो.