बिबट्याची हजेरी

जयपुरातील तिलक नगरापासून झालाना येथील बिबट्यांचे अरण्य काही फार दूर नाही. परंतु तेवढा पल्ला गाठण्याकरिता पुण्यामुंबईकडील सहलमंडळी पहाटेच्या काळोखात कानटोप्या सावरीत ज्या लगबगीने जीपमध्ये चढतात, ती पाहता बिबट्याने समन्सच काढले असून गैरहजर राहणाऱ्यावर जप्ती येणार, असा भास व्हावा. हे क्षेत्र पूर्वी जयपूर दरबारच्या शिकारीचे. तेव्हा हाकारे जनावरांना महाराजांपुढे आणीत; हल्ली चालकाचा मोबाइल वाजतो आणि हाकलली जातात ती माणसे. वाटेत धोक नावाच्या झाडाखाली नीलगाय निवांत रवंथ करीत उभी असते, पण कार्यक्रमपत्रिकेत नाव नसल्याने तिची दखल घेण्याचा कुणास अखत्यार नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम ठोकून राहिले, त्यातून एक पुस्तक निघाले. पण त्यांना अकराच्या ठोक्याला हवामहाल गाठावयाचा नव्हता, ही सवलत विसरता कामा नये. अखेरीस झुडुपाआड शेपूट हलले. ते मुंगसाचे होते, असे एका काकूंचे नम्र मत पडले. व्यवस्थापकांनी मात्र यादीत ‘बिबट्या’समोर खूण केली आणि न्याहारीचा हुकूम सोडला.