पडवीतलं सोवळं

आमच्या घरात सोवळं असतं ते श्राद्धाच्या दिवशी, आणि तेही सासूबाईंपुरतं. यंदा पितृपंधरवड्यात मात्र ह्यांनी ४०७चं इंजिन चेन कुप्पी लावून पडवीत उतरवलं आणि एका घरात दोन सोवळी नांदू लागली.

गाडी मंडपाचं सामान वाहते. गणपती उठले की घटस्थापनेपर्यंत मंडपवाल्याला कोणी विचारत नाही, म्हणून हा मुहूर्त. इंजिन ऑइल खात होतं, निळा धूर सोडत होतं. अशा कामाला आजवर गॅरेज होतं, या खेपेला हे म्हणाले, "घरीच खोलतो." ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर आणि बोअर ९७ मिलिमीटर, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तो आकडा गाडीच्या कागदपत्रांतला एखादा नंबर समजत होते.

घरीच म्हणायचं, पण ब्लॉक बोअरिंगला गेला आणि क्रँक ग्राइंडिंगला. ती कामं मशीनवाल्याचीच. घरी उरतं ते खोलणं, मोजणं, बांधणं आणि धुणं. त्यातही धुणंच फार! ओला टॉवेल पलंगावर टाकून जाणारा हा माणूस पडवीत मला चपला काढायला लावू लागला. मी अंगण झाडायला घेतलं की आतून आरोळी: "क्रँक उघडा आहे!"

कारण ऐकलं आणि माझी बोलतीच बंद झाली. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात जेमतेम केसाएवढी फट असते. त्या फटीत तेलाचा पापुद्रा, आणि क्रँक फिरतो तो त्या पापुद्र्यावर. बेअरिंगचा धातू मऊ. वाळूचा एक कण शिरला तरी ओरखडा उठतो. सासूबाईंच्या सोवळ्याला मी आजवर कारण विचारलं नव्हतं, ह्यांच्या सोवळ्याला निदान मायक्रोमीटर होता.

ब्लॉक होनिंग होऊन आला तेव्हा तर कहरच झाला. होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा तेल धरून ठेवायला असतात, पण दगडाची कच त्याच रेघांत अडकून बसते. नुसत्या डिझेलनं ती निघत नाही. गरम पाणी आणि साबणच लागतो. मग माझा बंब, माझा साबण, बाटल्या धुवायचा माझा ब्रश. सिलिंडरमधून पांढरं फडकं फिरवायचं आणि ते काळं होतंय तोवर पुन्हा धुवायचं. धागे न सुटणारं फडकं घरात मिळेना. शेवटी सासूबाईंनी ट्रंकेतून मामंजींचं जुनं धोतर काढून दिलं. म्हणाल्या, "त्यांनी हौसेनं दिलं असतं." तिथीही त्यांचीच जवळ आली होती. धुऊन पुसून झालं की लगेच तेलाचा हात फिरवायचा, कारण उघड्या लोखंडावर गंज चढायला वेळ लागत नाही. आधी स्नान, मग तेल. अभ्यंगाचा हा उलटा क्रम सासूबाईंना मुळीच पटला नाही.

बाकी पुष्कळ गोष्टी त्यांना पटल्या. मेन बेअरिंगच्या टोप्यांवर नंबर असतात आणि ज्याची टोपी त्यालाच बसते, हे त्यांना फार आवडलं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, हेही त्यांनी मान्य केलं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, थोडेथोडे करत टॉर्क पान्यानं आवळायचे असतात. तो 'टक्' आवाज ऐकायला त्या जपमाळ घेऊन पडवीत बसायच्या. एकदा ह्यांना म्हणाल्या, "मुंजीत तुला एवढं सांगितलं, तेव्हा आचमनसुद्धा धड केलं नाहीस."

येणाऱ्याजाणाऱ्यांचे सल्ले मी इथे देत नाही. ते सगळे ऐकले असते तर आमच्याकडे दोन इंजिनं झाली असती.

सर्वपित्री झाली आणि इंजिन गाडीत चढलं. आधी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारला, ऑइलचं प्रेशर येईपर्यंत. मग पंपाचा नट सैल करून हवा काढली. बुडबुडे थांबेनात, तसे हेही थांबेनात. शेवटी इंजिन लागलं. पांढरा धूर आला, विरळ झाला, गेला.

पैसे वाचले का, असं मला सगळे विचारतात. मजुरी वाचली, ती टॉर्क पाना आणि मायक्रोमीटर यांत गेली. खंडेनवमीला त्या दोघांची पूजा झाली. नव्या रिंगा बसेपर्यंत गाडीवर पूर्ण लोड घालायचा नाही, असा हुकूम होता. म्हणून देवीच्या मंडपाचे बांबू यंदा एकाऐवजी दोन खेपांत गेले, आणि दुसऱ्या खेपेचं डिझेल घरखर्चातून.