मेलेल्या भुंगेऱ्यावरून केवढा तमाशा!

काय तो थाट! विषुववृत्तीय आफ्रिकेतला हा गोलायथ भुंगेरा म्हणे चार इंचांपर्यंत वाढतो. पाठीवर तपकिरी-मरून मखमल, मानेशी पांढऱ्यावर काळे उभे पट्टे आणि नर असेल तर कपाळावर बेचकीसारखं काळं शिंग. बहुतेक भुंगेरे उडताना पाठीची टणक झाकणं उघडतात. हे महाशय ती मिटलेलीच ठेवून बाजूच्या फटीतून पंख काढतात. मखमल विस्कटायला नको ना!

आता याच्यापायी लंडनच्या सभ्य गृहस्थांनी काय काय केलं, ते ऐका. 1766 साली गॅबनच्या नदीत एक मेलेला गोलायथ तरंगताना सापडला. जहाजावरच्या डॉक्टरानं तो उचलला आणि तो थेट प्रख्यात डॉक्टर विल्यम हंटर यांच्या संग्रहात गेला. डोळे दिपले सगळ्यांचे. मग मेंडेस दा कोस्टा नावाचे एक मध्यस्थ मध्ये पडले आणि 1770 साली बघतात तो काय, चांदीचे व्यापारी ड्रू ड्रूरी यांच्या पुस्तकात त्याचं रंगीत चित्र! हंटरना विचारलं होतं? छे! रागावले ते, आणि रागावणारच की. पुढच्याच वर्षी लिनियसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं.

ड्रूरींचं वेड तर विचारूच नका. जहाजांवरच्या माणसांना छापील पत्रकं वाटायची: मधमाशीएवढा किंवा त्याहून मोठा कुठलाही किडा आणा, नगाला सहा पेन्स घ्या. यातली काही जहाजं गुलामांची ने-आण करणारी होती, पण त्यामुळे या मंडळींची झोप उडाल्याचं कुठे दिसत नाही. जमले अकराएक हजार नमुने. 1777 मध्ये गृहस्थांचं दिवाळं निघालं. किड्यांमुळेच निघालं, असं मी म्हणत नाही हं!

हल्लीचे शौकीनही काही कमी नाहीत. जपान-युरोपात लोक हे भुंगेरे घरात वाढवतात. अळी शंभर ग्रॅमपर्यंत भरते, म्हणजे आपल्या उसातल्या हुमणीची सख्खी नसली तरी नात्यातलीच, पण अगडबंब. ऊसवाल्यानं पाहिली तर घेरीच येईल! नुसत्या कुजक्या पाल्यावर तिचं भागत नाही, प्रथिनं लागतात. म्हणून हे लोक तिला कुत्र्या-मांजरांचं विकतचं खाणं भरवतात. वर बाईसाहेब शेजारणीलाही खाऊन टाकतात, तेव्हा प्रत्येकीला वेगळा डबा!