स्टोअर रिझल्टवाले सर

पुण्यात बाणेर-हिंजवडी पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या पीएचपी टीममध्ये हे गृहस्थ असतातच. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गळ्यात आयडी कार्ड, शर्टाच्या खिशात पेन. (या धंद्यात पेन कशाला, असं विचारायचं नसतं.) कार्डावर 'आर्किटेक्ट' छापलेलं असतं, पण सगळं ऑफिस 'सर' म्हणतं.

सरांचा शक २००४ पासून सुरू होतो. त्या साली पीएचपी ५ आलं, मायएसक्यूएल ४.१ वापरण्याजोगं झालं आणि सरांना प्रिपेअर्ड स्टेटमेंट नावाचा धर्म सापडला. नवा पोरगा फॉर्ममधलं नाव थेट क्वेरीत चिकटवतो तेव्हा सर ओरडत नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसतात. ते जास्त वाईट. "बाळा, उद्या वसईचे डिमेलो आले आणि इंग्रजी आडनावात त्यांनी अपॉस्ट्रॉफी टाकली, की तुझी क्वेरी तिथेच संपली. एखादा बदमाश आला तर सगळ्यांचे पासवर्ड घेऊन गेला." मग प्रश्नचिन्ह, मग बाइंड, मग एक्झिक्यूट. पूर्णांकाला आय, अक्षरांना एस.

पण सरांचा खरा जीव पुढच्या पायरीत. एक्झिक्यूट झालं म्हणजे उत्तर हातात आलं, असं पोरांना वाटतं. कसलं काय! फेच कराल तशी एकेक ओळ येते आणि शेवटची येईपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. पोरगं हमखास लूपच्या आतच दुसरी क्वेरी घालतं आणि पडद्यावर 'कमांड्स आउट ऑफ सिंक' उमटतं. सर चष्मा पुसायला घेतात. "स्टोअर रिझल्ट केलंस का?" म्हणजे आलेल्या सगळ्या ओळी एकदम आपल्या मेमरीत आणून ठेवायच्या, मग खुशाल पुढचं काम. ओळी किती, हे त्याआधी विचारलंत तर शून्य.

घरीही हाच खाक्या. वहिनी सांगतात, "पूर्ण यादी हातात पडल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. मागाहून फोनवर कोथिंबीर सांगितली, तर म्हणतात, आता रिझल्ट क्लोज झाला."

"सर, गेट रिझल्ट वापरू या ना, ओळी थेट अ‍ॅरेत घेता येतात," असं कुणी म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला : "सर्व्हरवर मायएसक्यूएलएनडी आहे का?" गेट रिझल्ट त्याशिवाय चालत नाही. हा ड्रायव्हर २००९ मध्ये पीएचपी ५.३ बरोबर आला आणि २०१२ च्या ५.४ पासून न मागता मिळतो. सर अजून विचारतात.

दोष एकच. सरांना दहा ओळी आणि दहा लाख ओळी सारख्याच. वर्षाअखेरीचा रिपोर्टही ते अख्खा मेमरीत ओढतात. या ड्रायव्हरआधीच्या जुन्या लायब्ररीत हा साठा पीएचपीच्या मेमरी मर्यादेत धरलाच जात नसे, म्हणून ही सवय वर्षानुवर्षं बिनबोभाट खपली. नव्या ड्रायव्हरनं तो हिशेबात धरला आणि नेहमीच्या १२८ एमबीत रिपोर्ट आडवा झाला. अशा वेळी ओळी एकेक करूनच घ्याव्यात, हे सरांना ठाऊक आहे. पण ते म्हणतात, "सर्व्हरची रॅम वाढवा."

तुमच्याकडे असे सर असतील तर प्रत्येक क्वेरी त्यांच्याकडूनच तपासून घ्या. मोठा रिपोर्ट मात्र ते डबा खायला गेले की लिहा.